सौंदर्याचा अभ्यास अनेक शास्त्रांमधून कसा करावा

‘सौंदर्य म्हणजे काय’ या विषयावर लिहायला बसलं की पहिली दोन पानं भराभर होतात आणि तिसऱ्या पानावर गाडी अडते. प्लेटो येऊन गेला, रससिद्धांत झाला, सुवर्ण गुणोत्तर सांगून झालं, मेंदूच्या स्कॅनचाही उल्लेख झाला. आता हे सगळं एका सूत्रात ओवायचं कसं? तत्त्वज्ञ, गणिती, जीवशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एकच शब्द वापरतात, पण त्यांचे प्रश्न निराळे असतात. उत्तरं नुसती शेजारी शेजारी ठेवली तर ती एकमेकांशी भांडताहेत असं वाटतं. कधी सगळे एकच सांगताहेत असंही वाटतं, आणि ती चूक जास्त महागात पडते. पुढची पद्धत दीर्घ लेख, प्रबंधाचं प्रकरण किंवा व्याख्यान अशा कुठल्याही कामासाठी वापरता येईल.

शब्दांची छाननी

हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते टाळलं की पुढचं सगळं डळमळतं. एका कागदावर सुंदर, रमणीय, सुबक, रेखीव, देखणं, मोहक, लावण्य, भव्य, उदात्त हे शब्द लिहा. प्रत्येकापुढे तो शब्द जिला शोभतो अशी एक वस्तू लिहा आणि जिला शोभत नाही अशीही एक लिहा. चेहरा रेखीव असतो, सूर्यास्त रेखीव नसतो. गणितातली सिद्धता सुबक असू शकते, देखणी म्हटली तर कानाला खटकतं. आपल्या भाषेनं हे भेद आधीच करून ठेवले आहेत. ते ‘सुंदर’ या एका शब्दात बुडवू नका.

दोन भेदांकडे विशेष लक्ष द्या. पहिला, सुंदर आणि उदात्त. एडमंड बर्क यांनी १७५७ मध्ये या दोन अनुभवांची फारकत केली आणि जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९० मध्ये ती आपल्या मांडणीत पक्की केली. खवळलेला समुद्र किंवा अथांग आकाश यांची उदाहरणं ‘सुंदर’च्या खात्यात टाकली तर या दोघांचं म्हणणं उलटं वाचलं जातं. दुसरा भेद भाषांतरातला आहे. ग्रीक ‘कालोन’ हा शब्द सुंदर वस्तूला लागतो तसाच उमद्या कृतीलाही लागतो. अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी लोकांच्या ‘होझो’ या शब्दात सौंदर्य, सुव्यवस्था, आरोग्य आणि मेळ हे सगळं एकत्र येतं. अशा शब्दांसाठी ‘सौंदर्य’ लिहायचं असेल तर पहिल्याच वेळी त्याची व्याप्ती एका वाक्यात सांगून टाका.

प्रत्येक शास्त्राला विचारायचे चार प्रश्न

एका शास्त्रासाठी एक कार्ड करा आणि त्यावर चारच उत्तरं लिहा. सौंदर्य कुठे आहे असं हे शास्त्र मानतं: वस्तूत, पाहणाऱ्यात, दोघांच्या नात्यात की समाजाच्या रचनेत? ‘हे सुंदर आहे’ हा दावा कुणासाठी केला जातो: एकट्यापुरता, एखाद्या गटापुरता की सगळ्यांसाठी? पुरावा म्हणून काय चालतं: युक्तिवाद, मापन, प्रयोग, मुलाखत? आणि सौंदर्याला इथे काम काय आहे: ते समजून घ्यायचं आहे की दुसरंच काही समजून घेण्यासाठी ते वापरलं जात आहे?

शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. अर्थशास्त्रातलं उदाहरण घ्या. हॅमरमेश आणि बिडल यांनी १९९४ मध्ये दिसणं आणि पगार यांचा संबंध तपासला. मुलाखत घेणाऱ्यांनी समोरच्या माणसाच्या दिसण्याला पाच पायऱ्यांच्या मापावर गुण दिले होते. सरासरी दिसणाऱ्यांपेक्षा कमी गुण मिळालेल्यांची कमाई साधारण ५ ते १० टक्क्यांनी कमी आढळली. इथे सौंदर्य म्हणजे काय हा प्रश्नच नाही. मुलाखतकारांचे गुण बऱ्यापैकी जुळतात, एवढं त्या अभ्यासाला पुरतं. सौंदर्याच्या स्वरूपाचा पुरावा म्हणून असा अभ्यास कुणी पुढे केला तर तो त्या अभ्यासावरही अन्याय आहे.

तत्त्वज्ञान: ‘आवडतं’ आणि ‘सुंदर आहे’

या भागाला वेळ द्या, कारण बाकीच्या शास्त्रांमधले अर्धे घोटाळे इथेच उलगडतात. ‘एस्थेटिक’ हा शब्द या अर्थानं बाउमगार्टन यांनी १७३५ मध्ये वापरात आणला. पण कामाची कात्री देतात ते कांट. ‘हा पदार्थ मला आवडतो’ असं म्हणताना दुसऱ्यालाही तो आवडावा असा माझा आग्रह नसतो. ‘हे सुंदर आहे’ असं म्हणताना मात्र मी इतरांच्या संमतीवर हक्क सांगत असतो. ती संमती प्रत्यक्षात मिळेलच असं नाही, आणि नियम दाखवून ती सिद्धही करता येत नाही. तरी हक्क सांगितलेला असतोच.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. शंभर माणसांना ‘कितपत आवडलं?’ असं विचारून मिळालेले आकडे आवडीचे असतात, सौंदर्याच्या निर्णयाचे नसतात. झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट वारंवार नजरेस पडली तरी ती जास्त आवडू लागते. हा निष्कर्ष आवडीबद्दल आहे. म्हणून मानसशास्त्रातला कुठलाही अभ्यास वाचताना आधी त्यातला मूळ प्रश्न शोधा. लोकांना आवड विचारली होती, सुंदर आहे का असं विचारलं होतं, की दोन चित्रांतलं एक निवडायला सांगितलं होतं? हे कार्डवर तसंच्या तसं उतरवा.

मराठीत हा पाया आधीच घातलेला आहे, तो सोडून थेट परक्या ग्रंथांकडे धावायचं कारण नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये ही संकल्पना मांडली. कलेचा अनुभव रोजच्या जगण्याला जोडलेला मानणारे एका बाजूला आणि तो सर्वस्वी वेगळ्या जातीचा मानणारे दुसऱ्या बाजूला. कुठलाही नवा विचारवंत हाती आला की तो या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो ते आधी ठरवा. अर्धं काम तिथेच होतं.

रससिद्धांत वापरताना

इथे दोन चुका इतक्या नेमानं होतात की त्या वेगळ्या सांगायलाच हव्यात.

पहिली म्हणजे रसाला सौंदर्य समजणं. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांमध्ये बीभत्स आणि भयानकही आहेत. विभाव (भावनेची कारणं), अनुभाव (तिच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा) आणि व्यभिचारी भाव (येणारेजाणारे भाव) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, ही मांडणी नाट्यानुभव कसा घडतो ते सांगते. सौंदर्याची व्याख्या करायला ती निघालेली नाही. संस्कृत परंपरेत सौंदर्याचा थेट शोध घ्यायचा असेल तर वामनाचं ‘सौन्दर्यमलंकारः’ हे सूत्र, आनंदवर्धनाची ध्वनीची, म्हणजे सुचवलेल्या अर्थाची, कल्पना आणि काव्याचं लक्षण सांगताना ‘रमणीय अर्थ’ म्हणणारा जगन्नाथ पंडित यांच्याकडे जावं लागतं.

दुसरी चूक म्हणजे ‘कांट आणि अभिनवगुप्त एकच सांगतात’ हे वाक्य. साम्य आहे हे खरं. कांट यांचा आनंद स्वार्थापासून मोकळा असतो. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्तही रसास्वादातली सात विघ्नं मोजतो आणि स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणं हे त्यातलं एक आहे. पण पुढे वाटा फुटतात. कांट यांच्या मते शुद्ध सौंदर्यनिर्णयात भावनेला जागा नाही. अभिनवगुप्ताकडे भावना वगळली जात नाही, तिचं साधारणीकरण होतं: ती ‘माझी’ राहत नाही, पण भावना म्हणून शिल्लक राहते आणि तिचाच आस्वाद घेतला जातो. साम्य लिहिताना त्याच परिच्छेदात हा फरकही लिहा, नाहीतर दोघांचंही नुकसान होतं.

गणित आणि भौतिकी

गणिती सौंदर्याबद्दल दुरून बोलू नका, एक सिद्धता प्रत्यक्ष हातात घ्या. गणिती हार्डी यांनी १९४० मध्ये अनपेक्षितता, अटळपणा आणि काटकसर असे तीन गुण सांगितले, आणि युक्लिडची ‘मूळ संख्या अनंत आहेत’ ही सिद्धता नमुना म्हणून दिली. मूळ संख्यांची यादी संपते असं धरा. यादीतल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कुठल्याही संख्येनं भागलं तरी बाकी १ उरते, म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचा आहे. यादी अपुरी ठरली. आता एकेका गुणावर बोट ठेवा. अनपेक्षितता त्या ‘१ मिळवा’मध्ये आहे. अटळपणा बाकीच्या पायरीत आहे. काटकसर अशी, की यातली एकही पायरी काढता येत नाही. इतकं नेमकं दाखवलं की गणित न येणाऱ्या वाचकालाही ‘सुंदर’ या शब्दाचा इथला अर्थ कळतो. मग विरुद्ध उदाहरण द्या. चार रंगांचा सिद्धांत (कुठल्याही नकाशात शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांत दाखवायला चार रंग पुरतात) १९७६ मध्ये अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी संगणकाकडून असंख्य प्रकरणं तपासून घेऊन सिद्ध केला. विधान खरं ठरलं, पण ते खरं का आहे याची उकल अशा सिद्धतेतून हाती येत नाही, म्हणून अनेक गणिती त्यावर नाखूश राहिले. खरं असणं आणि सुंदर असणं या दोन गोष्टी कुठे सुट्या होतात ते इथे स्पष्ट दिसतं.

भौतिकीत धोका वेगळा आहे: फक्त यशोगाथा मोजल्या जातात. डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाचं भाकीत निघालं आणि तो कण, पॉझिट्रॉन, १९३२ मध्ये सापडला, हे उदाहरण सगळेच देतात. त्याच्या जोडीला केपलर ठेवा. १५९६ मध्ये त्यांनी सहा ग्रहांच्या कक्षांमधल्या पाच जागांत पाच नियमित घनाकृती बसवल्या; अशा घनाकृती पाचच असतात. ग्रह सहाच का, याचं इतकं देखणं उत्तर दुसरं नव्हतं. पुढे १६०९ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा त्यांनीच मांडल्या, तरी १६२१ मध्ये त्या जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्तीही काढली. १७८१ मध्ये युरेनस सापडला आणि ‘सहाच का’ हा प्रश्नच निकाली निघाला. सुंदर समीकरणाचं प्रत्येक यश सांगताना सुंदर असूनही चुकलेलं एक उदाहरण शेजारी हवंच, एरवी वाचकाला मिळतं ते निवडून वेचलेलं चित्र.

जीवशास्त्र

मोराचा पिसारा बघून बेचैन व्हायला होतं, असं डार्विन यांनी १८६० च्या एका पत्रात लिहिलं. जगण्याला अडचण करणारी शोभा टिकली कशी, हा त्यांचा पेच होता. १८७१ मध्ये त्यांनी मादीची निवड हे उत्तर सविस्तर मांडलं. पण मादी असं का निवडते, यावर जीवशास्त्रज्ञ आजही एकमताचे नाहीत. फिशर यांच्या मते आवड आणि शोभा एकमेकींना ढकलत वाढत जातात. झहावी यांनी १९७५ मध्ये असं मांडलं, की हे ओझं पेलणं हीच तब्येतीची खूण असते. ‘सौंदर्य म्हणजे आरोग्याची जाहिरात’ हे वाक्य लिहिलंत तर नकळत यातली एक बाजू घेतलीत.

पुराव्यांमध्ये प्रयोगाला वरचं स्थान द्या. आंडरसन यांनी १९८२ मध्ये लांब शेपटीच्या विडोबर्ड पक्ष्यांतल्या काही नरांच्या शेपट्या कापल्या आणि ते तुकडे दुसऱ्या काही नरांना चिकटवून त्यांच्या शेपट्या वाढवल्या. वाढवलेल्या शेपटीच्या नरांच्या हद्दीत नवी घरटी जास्त झाली. मोराचं मात्र इतकं सरळ नाही. इंग्लंडमधल्या निरीक्षणांत जास्त डोळ्यांच्या पिसाऱ्याला पसंती दिसली, तर जपानमधल्या सात वर्षांच्या निरीक्षणांत, जी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तसा पुरावा मिळाला नाही. दोन्ही लिहा.

समाजशास्त्र आणि मेंदूविज्ञान

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्दिए यांच्या अभिरुचीवरच्या १९७९ च्या ग्रंथामागे १९६३ आणि १९६७-६८ मध्ये केलेली १,२१७ लोकांची पाहणी होती. त्यातला एक प्रश्न फार बोलका आहे: कोबीचे गड्डे, झाडाची साल, सूर्यास्त अशा विषयांचा फोटो सुंदर होऊ शकेल का? शिक्षण आणि सामाजिक स्थान वरचं असलेले लोक कोबीलाही हो म्हणण्याकडे झुकले, इतरांनी सूर्यास्ताला पसंती दिली. विषय साधा असूनही रूपाकडे बघता येणं ही शिकून आलेली सवय आहे आणि ती माणसाचं समाजातलं स्थान दाखवते, असं बोर्दिए म्हणतात. कांट यांच्या ‘अनासक्त’ नजरेवरचा हा सगळ्यात कडक आक्षेप आहे. म्हणून या दोघांना एकाच प्रकरणात समोरासमोर बसवा.

मेंदूच्या अभ्यासात मात्र हात आखडता घ्या. झेकी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १५ गणितज्ञांना ६० समीकरणं दाखवली. सुंदर वाटलेल्या समीकरणांच्या वेळी जो भाग उजळला, तोच चित्र आणि संगीताच्या आधीच्या प्रयोगांतही उजळला होता. ऑयलरच्या समीकरणाला वरचे गुण मिळाले आणि रामानुजन यांची १/π साठीची मालिका कुरूप ठरली. निष्कर्ष लक्षवेधी आहे. पण मेंदूचा तो भाग पैसे मिळाल्यावर आणि चविष्ट खाण्यानेही उजळतो. ‘हा भाग उजळला म्हणजे सौंदर्यानुभव झाला’ हे उलट अनुमान आहे, म्हणजे खुणेवरून कारण ठरवणं, आणि ते टिकत नाही.

एक आयत सगळ्यांपुढे ठेवून बघा

तुलना खरी व्हायची तर वस्तू एकच हवी. सुवर्ण गुणोत्तराचा आयत त्यासाठी उत्तम आहे, त्याची लांबी रुंदीच्या सुमारे १.६२ पट असते. फेशनर यांनी १८७६ मध्ये दहा आयत लोकांसमोर ठेवले, तेव्हा साधारण ३५ टक्के निवडी या आयताला मिळाल्या आणि चौरस फार थोड्यांनी निवडला. उलट बर्कहॉफ यांनी १९३३ मध्ये ‘व्यवस्था भागिले गुंतागुंत’ असं सौंदर्याचं माप काढलं आणि ९० बहुभुजाकृतींमध्ये चौरसालाच पहिला क्रमांक दिला. एकाकडे माणसांच्या निवडी, दुसऱ्याकडे सूत्र. आनंदवर्धन इथे असता तर त्यानं दोघांनाही थांबवलं असतं. सुट्या अवयवांपलीकडे जे झळकतं ते लावण्य, या उपमेनं त्यानं काव्यातला प्रतीयमान, म्हणजे सुचवलेला, अर्थ समजावला आहे; भागांची बेरीज-वजाबाकी करून ते हाती लागणार नाही. मर्ढेकरांचे संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम या दोन टोकांच्या मध्ये बसतात: ते वस्तूतच आहेत, पण भागांच्या नात्यात आहेत.

फेशनरचा निष्कर्ष स्वतः तपासता येतो. जाड पांढऱ्या कागदाचे दोन संच कापा. प्रत्येक आयताचं क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी. ठेवा, नाहीतर लोक आकारमान बघून निवडतात. लहान बाजू काढण्यासाठी १०० ला गुणोत्तरानं भागून वर्गमूळ घ्या. १.६२ साठी आयत ७.९ × १२.७ सेंमी. येतो, २.२० साठी ६.७ × १४.८ आणि २.८० साठी ६.० × १६.७. पहिल्या संचात १.००, १.२०, १.४०, १.६२, १.८०, २.००, २.२० ही गुणोत्तरं घ्या. यात सुवर्ण आयत बरोबर मधोमध आहे. दुसऱ्या संचात १.६२ पासून सुरू करून १.८०, २.००, २.२०, २.४०, २.६०, २.८० घ्या. इथे तो टोकाला गेला. एका माणसाला एकच संच दाखवा, प्रत्येक वेळी पत्ते पिसून मांडा, सगळे आयत आडवेच ठेवा आणि प्रश्नाचे शब्द बदलू नका. प्रत्येक संचाला किमान ३० माणसं घ्या. पसंती खरोखर गुणोत्तराची असेल तर ती दोन्ही संचांत १.६२ लाच चिकटेल. मधल्याकडे झुकण्याची सवय असेल तर दुसऱ्या संचात ती २.२० कडे सरकेल. १९७४ मध्ये गॉडकेविच यांनी नेमकी हीच शंका घेतली होती आणि निवड संचातल्या स्थानावर अवलंबून असते असं त्यांना आढळलं. पार्थेनॉन सुवर्ण गुणोत्तरात बांधलं, हे ऐकीव वाक्यही अशाच एका कारणासाठी लेखातून काढून टाका. मोजणी कुठल्या पायरीपासून सुरू करायची हे आपणच ठरवत असलो की हवं ते गुणोत्तर सापडतंच.

लिहिताना

पाच हजार शब्दांच्या लेखात तीन शास्त्रं पुरेत. चौथं आलं की प्रत्येकाला हजारभर शब्द उरतात आणि सगळी ओळख-परेडसारखी होतात. निवडताना पुराव्याची जात वेगळी असलेली शास्त्रं घ्या: एक युक्तिवादाचं, एक प्रयोगाचं, एक समाजाच्या निरीक्षणाचं. क्रम काळानुसार लावू नका. प्लेटोपासून सुरुवात केली की लेख इतिहास होतो आणि तुलना शेवटच्या पानावर ढकलली जाते. ज्या मुद्द्यावर दोन शास्त्रांचं खरंच पटत नाही तिथून सुरुवात करा. ‘सुंदर आहे’ हा दावा सगळ्यांसाठी असतो की एका वर्गासाठी, हा कांट आणि बोर्दिए यांचा वाद तसा आहे.

वाद खरा की नुसता शब्दांचा, हे तपासायला सोपी रीत आहे. दोन्ही बाजूंची कार्डं शेजारी ठेवा. चौथ्या प्रश्नाची उत्तरं वेगळी असतील तर बहुतेक वेळा वाद नसतोच, दोघं वेगळ्या कामासाठी शब्द वापरत असतात. जीवशास्त्रज्ञानं पिसाऱ्याचं कारण सांगितलं म्हणून पिसाऱ्याबद्दलचा सौंदर्यनिर्णय खोटा ठरत नाही. आवड कुठून आली आणि निर्णय योग्य आहे का, हे दोन प्रश्न आहेत. चौथं उत्तर सारखं आणि दुसरं किंवा तिसरं वेगळं असेल तर वाद खरा आहे, आणि लेखाचा मोठा भाग तिथेच खर्च करावा.

विसाव्या शतकातल्या कलेवर लिहिणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमन यांनी १९४८ मध्ये लिहिलं होतं, की सौंदर्य मोडून काढण्याची इच्छा हीच आधुनिक कलेची प्रेरणा होती. त्यानंतरच्या कलासमीक्षेत ‘सुंदर’ ही सरळ प्रशंसा उरत नाही, पुष्कळदा ती तक्रारही असते. कलासमीक्षा आणि सौंदर्यशास्त्र यांना एकच मानून अवतरणं दिली तर हा उलटा सूर हरवतो.

मसुदा झाला की लाल पेन घेऊन ‘सुंदर’ आणि ‘सौंदर्य’ हे शब्द जिथे जिथे आले असतील तिथे अधोरेखित करा. प्रत्येक जागी त्या शास्त्राचा स्वतःचा शब्द घालून वाक्य पुन्हा वाचा: गणितात काटकसर किंवा अटळपणा, भौतिकीत सममिती, जीवशास्त्रात मादीची पसंती, अर्थशास्त्रात मुलाखतकाराचे गुण. वाक्य तसंच उभं राहिलं तर तोच शब्द ठेवा. ते मोडलं, तर ते वाक्य नेमकं कुणाचं म्हणणं सांगतंय हे कार्डावर परत जाऊन शोधा.